मौलानांचं काम नक्की काय, आणि त्यांची चूल कोण चालवतं?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सलाम, नमस्कार मंडळी.

मुस्लिम समाजात आलिम लोकांचं, म्हणजे मदरशात रीतसर शिकून आलेले मौलाना-मुफ्ती यांचं, काम काय असावं यावर मोकळी चर्चा व्हावी म्हणून हा धागा. टीव्हीवर बघितलं की वाटतं मौलाना ऊठ म्हणाले की अख्खा समाज उठतो आणि बस म्हणाले की बसतो. मी कराड भागातला, घरची थोडी शेती, जमातीच्या कामात लहानपणापासून आहे, आणि मला इथं जे दिसतं ते बरोबर उलटं आहे.

आमच्याकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो, नाव देत नाही. इमामसाहेब तरुण, चांगले शिकलेले. जुम्म्याच्या बयानात त्यांनी एकच विषय लावून धरला, की बहिणींचा हिस्सा कुराणात सूरे निसामध्ये ठरवून दिलाय, तो कुणाच्या मेहरबानीचा विषय नाही, आणि तुम्ही त्यांना रजिस्टर ऑफिसात नेऊन हक्कसोड पत्रावर सह्या घेता. समोर पहिल्या सफेत, म्हणजे पहिल्या रांगेत, बसलेले कोण, तर उसाचं बिल आलं की मशिदीची फरशी, रंग, पाण्याची टाकी करून देणारे बागायतदार. पुढं कमिटीची मीटिंग झाली आणि इमामसाहेबांना दुसरीकडं बघा म्हणून सांगितलं. कारण काय सांगितलं तर किरात, म्हणजे कुराण पढायची पद्धत, बरोबर नाही.

माझं म्हणणं असं की आलिमची ताकद जेवढी त्याच्या इल्मवर आहे तेवढीच त्याची चूल कोण चालवतं यावर आहे. लोक भांडतात ते मौलानांना जास्त अधिकार हवा की कमी यावर, पण आधी हे बघायला नको का? आपापल्या गावचे अनुभव लिहा. शिवीगाळ नको.

बागवान_मार्केटयार्ड

हक्कसोडचा विषय काढलास भावा, आता तुझ्या घरात पण मीटिंग होणार 😄 पण एकदम खरं लिहिलंय.

विट्याचा_सचिन

एक प्रामाणिक प्रश्न. आमच्याकडं गुरव असतो, भटजी असतो, मठाचे स्वामी असतात, सगळ्यांची कामं वेगळी. तुमच्यात मौलाना, मौलवी, मुल्ला, काझी, इमाम, मुफ्ती हे सगळे एकच का? आमच्या गावात मुलाणी आडनावाची चार घरं आहेत, त्यांना पण लोक मुल्लाच म्हणतात.

हाफिज_जतकर

सचिनदादा, चांगला प्रश्न आहे, बरेच मुस्लिम पण यात गोंधळ करतात.

गावगाड्यातला मुलाणी हा बलुतेदार, जनावर हलाल करायचं, मशिदीत दिवा लावायचा, पीरापुढं फातिहा द्यायची आणि त्याबदल्यात गावकडून बलुतं घ्यायचं. पिढीजात काम, त्यासाठी मदरसा शिकायची अट नव्हती. काझी म्हणजे न्याय देणारा, त्याचा निकाल बांधील असायचा कारण मागं राज्यसत्ता होती. आपल्याकडं आदिलशाहीत काझींना इनामं मिळाली, मराठ्यांच्या राज्यात ती बऱ्याच ठिकाणी चालू राहिली आणि नंतर निकाह लावणं आणि दप्तर ठेवणं एवढंच काम उरलं. मुफ्ती म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला शास्त्राच्या आधारे मत देणारा, त्या मताला फतवा म्हणतात, घेणं न घेणं विचारणाऱ्यावर. इमाम म्हणजे नमाज पुढं उभं राहून पढवणारा, तो आलिम असेलच असं नाही. आणि आलिम हा हे सगळं शिकलेला माणूस.

सुन्नी लोकांत दीक्षा दिलेला पुरोहित वर्ग नाही, कुणी एक प्रमुख नाही. शिकलेला कोणताही माणूस उभा राहू शकतो, आणि म्हणूनच एका प्रश्नावर दोन मुफ्तींची दोन मतं निघतात. आपल्या सातारा-सांगलीत बहुतेक हनफी, म्हणजे चार सुन्नी शास्त्रमतांपैकी एक मानणारे, घाट उतरून चिपळूण-रत्नागिरीला गेलं की कोकणी मुस्लिम शाफई, नमाजच्या बारीकसारीक गोष्टी वेगळ्या आणि कुणी कुणाला चूक म्हणत नाही.

तासगावचा_समशेर

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला हा धागा मुळातच चुकीच्या टोकाकडून सुरू झालाय असं वाटतं. पगार कोण देतो हा प्रश्नच नाही, या वर्गाची गरज किती आहे हा प्रश्न आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तेव्हा किती उलेमा, म्हणजे आलिम लोक, त्यांच्या बाजूला उभे राहिले? शहाबानोला १९८५ ला सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली तर पर्सनल लॉ बोर्डाने देशभर रान उठवलं आणि १९८६ चा कायदा करून घेतला. शेवटी एका दमातला तलाक गेला तो २२ ऑगस्ट २०१७ ला कोर्टातून, कोणत्या मदरशातून नाही. आणि अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींच्या हायस्कूलला कुलूप लावून बसलेले कोण आहेत, तेही स्वतःला आलिमच म्हणवतात ना? सामान्य मुसलमानाला शाळा पाहिजे, कर्ज पाहिजे, नोकरी पाहिजे. त्यात मौलानांचं काम काय?

कमिटीतला_माणूस

मी एका मशिदीचा ट्रस्टी आहे आणि धागाकर्त्याने आम्हाला व्हिलन करून टाकलंय म्हणून लिहितो. चंदा आम्ही गोळा करतो, लाइटबिल आम्ही भरतो, धर्मादाय आयुक्तांकडं हिशोब आम्ही देतो, पोलीस ठाण्यात शांतता कमिटीच्या मीटिंगला आम्ही जातो. इमाम येतात लांबून, बिहार, यूपी. काही फार चांगले. काही रमजान संपला की निघून जातात आणि फोन उचलत नाहीत. आमच्याकडं एक आले होते त्यांनी आल्या आल्या देवबंदी-बरेलवी पंथांचं भांडण काढलं, जी गावं शंभर वर्षं एका मशिदीत एका सफेत उभी राहिली तिथं सख्खे भाऊ वेगळी नमाज पढायला लागले. त्यांना काढलं नसतं तर आज गावात दोन मशिदी झाल्या असत्या. इमामाला काढायचा अधिकार गावाला पाहिजेच.

बहिणीच्या हिश्श्यावरून काढलं असेल तर ते चूकच आहे, त्याचं समर्थन नाही.

वाईचे_गुरुजी

इतिहास शिकवण्यात जन्म गेला म्हणून थोडं जुनं सांगतो, आणि ते आपल्या साताऱ्याचंच आहे.

१६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा दिला, वर प्रयागजी प्रभू लढत होते, एप्रिल १७०० ला किल्ला पडला. औरंगजेबाचे किस्से सांगणारा एक फारसी संग्रह आहे, त्यात या वेढ्यातली एक गोष्ट येते. किल्ल्यातून तुकडी बाहेर पडली, त्यातले चार मुसलमान आणि नऊ हिंदू पकडले गेले. बादशहाने दरबारच्या काझीला, मुहम्मद अक्रमला, निवाडा करायला सांगितलं. काझीने हनफी कायद्याप्रमाणे लिहून दिलं की हिंदूंनी इस्लाम स्वीकारला तर सोडावं आणि मुसलमानांना तीन वर्षं कैद. बादशहाला ते पटलं नाही. त्याने शेरा मारला की हा निर्णय हनफी मताचा आहे, दुसऱ्या कोणत्या तरी मताने बघा, राज्यावरचा ताबा सुटता कामा नये. मग त्याच काझीने नव्याने पुस्तकं उघडली आणि सगळ्यांना मारावं असा निकाल काढून दिला. अशा संग्रहातला तपशील तोलूनमापून घ्यावा लागतो, पण पगारी काझी आणि बादशहा यांचं नातं कसं होतं ते यात दिसतं.

आता दुसरी बाजू. त्याच औरंगजेबाच्या दरबारात शेखुल इस्लाम नावाच्या मुख्य काझीने विजापूर आणि गोवळकोंड्यावरची मोहीम, म्हणजे मुसलमान राज्यावरची चढाई, शरियतमध्ये बसत नाही असं तोंडावर सांगितलं आणि पद सोडून मक्केला गेला. विजापूर १६८६ ला पडलंच. पण सही देणारा आणि सही न देणारा असे दोन्ही आलिम एकाच दरबारात होते हे लक्षात घ्या.

अजून मागं गेलात तर ज्यांच्या मताने आपल्या भागातले लोक नमाज पढतात ते इमाम अबू हनीफा. कूफ्यात रेशमी कापडाचा व्यापार. खलिफा मन्सूरने काझी हो म्हणून सांगितलं, हे नाही म्हणाले, तुरुंगात टाकलं, ७६७ मध्ये बगदादला वारले. इमाम मालिक यांना मदिनेत फटके मारले. इमाम अहमद इब्न हंबल यांनी कुराणाविषयीचं सरकारी मत मानायला नकार दिला, ८३३ मध्ये खलिफा मामूनने सुरू केलेल्या त्या चौकशीत त्यांना कैद आणि पुढच्या खलिफाच्या काळात चाबूक. चार सुन्नी मतांपैकी तिघांच्या इमामांना सत्तेने छळलंय. कोयनाकाठ, तुमच्या मुद्द्याला अबू हनीफांपेक्षा मोठं उदाहरण मिळणार नाही, दुकान स्वतःचं होतं म्हणून नाही म्हणता आलं.

बागवान_मार्केटयार्ड

गुरुजी 🙏 शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर इतिहासात पास झालो असतो.

सांगलीची_वकील

समशेरभाऊ, तुमचे मुद्दे वाचले. मी सांगली कोर्टात कौटुंबिक केसेस बघते, त्यात मुस्लिम बायकांच्या बऱ्याच. २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा यांनी फरक पडला, बाई हातात कागद धरून सांगू शकते की हा तलाकच नाही. पण तुम्ही इतिहास अर्धाच सांगितला.

१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा माहीत आहे का? आजही मी त्याच कायद्याखाली दावे लावते. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्ची नाही, सात वर्षांची कैद, क्रूरता, ही सगळी कारणं त्यात आहेत. तो कसा आला बघा. हनफी मतात बाईला स्वतःहून सुटायचा रस्ता फार अरुंद, नवरा बेपत्ता झाला तर जवळजवळ आयुष्यभर थांबायचं. ब्रिटिश कोर्टं मानत की बाईने धर्म सोडला की लग्न तुटतं, म्हणून पंजाबात त्रासलेल्या बायका केवळ नवऱ्यापासून सुटायला धर्म सोडू लागल्या. तेव्हा देवबंदचे मौलाना अशरफ अली थानवी, जे कुठल्याच अर्थाने सुधारक म्हणून ओळखले जात नाहीत, त्यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार करून एक पुस्तकच लिहिलं की या प्रश्नात हनफींनी मालिकी मत घ्यावं. त्याच्या आधारावर जमियत उलेमाच्या लोकांनी विधेयक पुढं नेलं. त्यांची मागणी होती की निकाल मुस्लिम न्यायाधीशानेच द्यावा, ती सरकारने मानली नाही, पण बाईला कारणं मिळाली. म्हणजे उलेमांनी मनावर घेतलं तेव्हा शास्त्रातून वाट निघाली. माझा राग यावर आहे की १९८५ ला तीच माणसं तशी का वागली नाहीत.

फतव्याबद्दल. सुप्रीम कोर्टाने जुलै २०१४ मध्ये सांगितलंय की फतव्याला कायद्याचं बळ नाही, कुणावर लादता येत नाही, मत म्हणून कुणी मागितलं तर देता येतं. हाफिजजींनी वर जे शास्त्राने सांगितलं तेच कोर्टाने कायद्याने सांगितलं.

आणि हक्कसोडचं काय ते ऐका. १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. जमीनदार मंडळींना काय पाहिजे होतं ते त्यातून कळतं. पंजाबपासून इथपर्यंत बापाची जमीन म्हटली की शरियत आठवत नाही आणि तलाक म्हटला की लगेच आठवते.

तासगावचा_समशेर

१९३९ चं माहीत नव्हतं इतकं खोलात, वाचतो. पण ताई, एक कायदा ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी केला त्यावर किती दिवस काढायचे? माणसं एखाद्या मौलानाचं मन वळेल म्हणून थांबत नाहीत.

मिरजेची_तार

मी वेगळ्या बाजूने लिहितो. आमचं घर मिरजेत तंतुवाद्यं करणारं. ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्यात उरुसाला संगीत सभा होते, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत, ते १९३७ ला वारले आणि मिरजेतच आहेत. देशभरातले मोठमोठे गवई तिथं पैसे न घेता गाऊन गेलेत, हिंदू-मुस्लिम सगळे. आता कुणी नवीन मौलाना येतात आणि सांगतात संगीत हराम. आमचे अब्बा शांतपणे ऐकून घ्यायचे, नमाज त्यांच्यामागंच पढायचे आणि घरी येऊन परत तुंब्यावर बसायचे. संगीतावर उलेमांमध्ये हजार वर्षं वाद आहे, इमाम गझालींनी समा, म्हणजे सूफींचं भक्तिसंगीत, ऐकण्याच्या बाजूने सविस्तर लिहिलंय, अटी घालून. पण आमच्या पोरांना फक्त एक बाजू ऐकवली जाते याचं मला दुःख होतं. आज काही घरांतली पोरं आजोबांचं काम करायला लाजतात. सतारीला गिऱ्हाईक कमी झालं हे कारण आहेच, पण हे पण आहे.

कडेगावकर

+१ मिरजेची तार. आमच्या कडेगावचे ताबूत बघा, मोहरमला गगनचुंबी ताबूत निघतात, हिंदू-मुस्लिम दोघं मिळून करतात, ताबुतांची भेट बघायला जिल्ह्यातून माणूस येतं. देवबंदवाले याच्या विरोधात, आणि ज्यांना दर्ग्याचे पाठीराखे म्हणतात त्या बरेलीच्या अहमद रझा खाँसाहेबांनी पण चालू पद्धतीच्या ताजियांच्या विरोधात लिहून ठेवलंय. थांबलं का काही? कळकाची मोळी आली की अख्खं गाव कामाला लागतं. वाळव्याकडं गोटखिंडीत गणपती मशिदीत बसवतात, ते पण कुणाला विचारून सुरू केलं नव्हतं. सचिनदादा, मौलाना बोलले की समाज उठतो हे टीव्हीवर असतं.

नदाफ_कवठेमहांकाळ

अवांतर, पण ईदच्या चांदचा विषय कुणी काढला नाही अजून. २९ चा चांद असला की आमच्याकडं रात्री साडेदहापर्यंत फोनाफोनी, मुंबईत दिसला का, मिरजेत काय म्हणतात, कमिटीने जाहीर केलं का. आई एका हाताने शिरखुर्म्याचं दूध धरून बसलेली आणि दुसऱ्या हाताने सहरीची कणीक 😂 उलेमांनी एवढं एक गणित करून द्यावं, वर्षाचं कॅलेंडर छापून टाका.

हाफिज_जतकर

नदाफभाई 😄 गणिताने महिना ठरवावा असं म्हणणारे आलिम पण आहेत, तुर्कस्तानात सरकारी खातं आधीच तारीख जाहीर करतं. आपल्याकडं डोळ्याने बघण्याचा आग्रह आहे. दूध तापवून ठेवायचं, दुसरा उपाय नाही.

आता मूळ विषय. मी जत तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत, मग हिफ्ज, म्हणजे कुराण पाठ करणं, मग बाहेर जाऊन आलिमचा कोर्स. आम्ही जे शिकतो त्याला दर्स-ए-निजामी म्हणतात, लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी बसवलेला अभ्यासक्रम, ते १७४८ ला वारले. त्या काळात तो नोकरीचा अभ्यासक्रम होता. तर्कशास्त्र, गणित, फारसी, कायदा शिकून माणूस दरबारात काझी, कारकून व्हायचा. १८३७ नंतर कंपनीने कचेरीतून फारसी काढली, १८५७ झालं, नोकऱ्या गेल्या. १८६६ ला देवबंदचा मदरसा निघाला तेव्हा मौलाना नानौतवींनी नियम लिहून ठेवले, त्यात आहे की मदरसा सामान्य लोकांच्या चंद्यावर चालावा, सरकारचा आणि अमीर लोकांचा हात त्यात नुकसानाचा. धागाकर्ते म्हणतात तेच त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पण झालं असं की मोठा मदरसा हजारो लोकांच्या छोट्या पावत्यांवर स्वतंत्र राहिला आणि गावातला इमाम पाच-सात घरांच्या हातात गेला.

माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी किती जण इमामत करतात म्हणाल तर थोडे. एक मिरजेत मोबाइल दुरुस्ती करतो, एक पेठ नाक्याला टेम्पो चालवतो. इमामाचा पगार किती असतो ते कमिटीतल्या भावांना माहीत आहे, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला त्याहून जास्त मिळतं. राहायला वजूखान्यामागची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेमागची, खोली. १९९३ ला सुप्रीम कोर्टाने इमामांना वक्फ बोर्डाने पगार द्यावा म्हणून सांगितलं, आपल्या खेड्यांत त्याचा मागमूस नाही. मग इथली पोरं येत नाहीत, लांबून येतात, त्यांना मराठी येत नाही, सातबारा कळत नाही, हक्कसोड म्हणजे काय कळत नाही. गावातल्या बाईने काही विचारायचं तर ती कशी विचारणार? तिची घरात दखनी, बाहेर मराठी, आणि यांची लखनवी उर्दू.

समशेरभाई, तुम्ही विचारलं मौलानांचं काम काय. पश्चिम यूपीत पोलिओच्या डोसाला लोक घरात घेईनात, नसबंदीचं औषध आहे म्हणून अफवा होती. तेव्हा अलीगड, जामिया, देवबंदची माणसं आणि गल्लीतले इमाम डॉक्टरांबरोबर दारोदार गेले, मशिदीतून ऐलान केलं. जानेवारी २०११ नंतर देशात मूळ पोलिओ विषाणूची एक केस नाही. तिथं कलेक्टरचं ऐकलं नव्हतं, इमामाचं ऐकलं. आणि तालिबानने मुलींची विद्यापीठं बंद केली तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या अल-अझहर विद्यापीठाच्या प्रमुखांनी, शेख अहमद अल-तय्यिब यांनी, हे शरियतच्या विरोधात आहे असं जाहीर सांगितलं. आलिमला उत्तर द्यायला आलिमच लागतो, तिथं तुमचं माझं कोण ऐकणार?

राहिला आकड्याचा विषय. सगळे मुस्लिम पोरं मदरशात जातात असं लोकांना वाटतं. सच्चर समितीने २००६ ला लिहिलंय, शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारे साधारण ३ टक्के. बाकीचे शाळेत जातात ते बहुतेक तुमच्याआमच्या शाळेत.

कुवेतहून_कराड

हाफिजजी, फार मनापासून लिहिलंत. मी आखातात नोकरी केली, तिथलं सांगतो. अमिरातीत जुम्म्याचा खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, सरकारी खात्याकडून लिहून येतो, सगळ्या मशिदीत तोच, इमामाने वाचायचा. इमामाला क्वार्टर, पगार, एसी, सगळं व्यवस्थित. दंगा नाही, फिरकावाद म्हणजे पंथांची भांडणं नाहीत, ऐकायला बरं वाटतं. पण कामगारांचा पगार महिनोन् महिने थकलाय, कॅम्पात पाणी नाही, हा विषय मी कधी मिंबरवरून, म्हणजे खुतब्याच्या चौथऱ्यावरून, ऐकला नाही. आपल्याकडं बागायतदार बोलू देत नाही, तिकडं सरकार. वाईट कोणतं ते ठरवणं अवघड आहे.

वाईचे_गुरुजी

कुवेतवाल्यांनी बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकात वक्फच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६१ ला नासेरने कायदा करून अल-अझहर सरकारच्या कक्षेत आणलं. हाफिजजींनी अल-तय्यिब यांचं उदाहरण दिलं ते छान आहे, पण ते दुसऱ्या देशाच्या राज्यकर्त्यांबद्दल बोलले. स्वतःच्या सरकारबद्दल तितक्या मोकळेपणाने बोलणं अझहरला जड जातं.

याउलट इराण. शियांमध्ये खुम्स या धार्मिक कराचा पैसा लोक थेट आपल्या मोठ्या मुजतहिदकडं, म्हणजे शास्त्राचा निर्णय देणाऱ्या आलिमकडं, देतात, राजाचा त्यात हात नाही. म्हणून १८९० ला शहाने तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला दिला तेव्हा १८९१ ला मिर्झा शिराझींच्या नावाने एक फतवा निघाला, की तंबाखू ओढणं निषिद्ध. देशभर हुक्के फुटले, शहाच्या जनानखान्यातसुद्धा, आणि १८९२ ला मक्ता रद्द करावा लागला. तोच वर्ग १९७९ नंतर स्वतः सरकार झाला. आता तिथं सामान्य माणसाने सत्तेविरुद्ध कुणाकडं जायचं? इराकमधल्या नजफचे शिया आलिम सिस्तानी मात्र सत्तेच्या खुर्चीत बसले नाहीत, म्हणून २०१४ ला इसिसविरुद्ध उभं राहा म्हणाले तेव्हा हजारो पोरं बाहेर पडली.

विट्याचा_सचिन

हुक्के फुटले 😮 हे भारी आहे. आमच्याकडं गुटखाबंदीला वर्षानुवर्षं कायदा आहे, टपरीवर काही फरक नाही.

नसीम_इस्लामपूर

एवढे प्रतिसाद झाले, वकीलताई सोडल्या तर बाईच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी घरात मुलींचा मकतब, म्हणजे दीनच्या शिक्षणाचा वर्ग, घेते, संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. बायका मला जे विचारतात ते मौलानांना कधीच विचारणार नाहीत. पाळीचं, गर्भ राहण्याचं, नवरा मारतो त्याचं, लग्नात नवऱ्याने द्यायची मेहर कधी मिळालीच नाही त्याचं. हे सगळे दीनचे प्रश्न आहेत आणि गावात उत्तर द्यायला शिकलेली बाई नाही.

हे काही नवीन मागणं नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना मोठमोठे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथी, येऊन विचारायचे. अकराव्या शतकात मक्केत करीमा मर्वझिया म्हणून विदुषी होत्या, बुखारीची हदीस शिकायला लांबलांबून पुरुष आलिम त्यांच्यासमोर येऊन बसायचे. इंडोनेशियात २०१७ ला चेरेबोनमध्ये आलिमा बायकांचं संमेलन झालं आणि त्यांनी बालविवाहाविरुद्ध फतवा दिला. तिथल्या सरकारने २०१९ ला मुलींच्या लग्नाचं वय १६ वरून १९ केलं. समशेरभाऊ, तुम्ही म्हणता ना ते शास्त्रातून पण होतं, फक्त शास्त्र बायकांच्या हातात पण पाहिजे.

कोयनाकाठभाई, तुम्ही हिश्श्याचं लिहिलंत, पण ज्या बहिणींचा हिस्सा होता त्यांनी ते बयान ऐकलं तरी का? आपल्या मशिदीत बायकांना जागाच नाही. भावांनी ऐकलं, भावांनी इमामाला काढलं.

कोयनाकाठ

नसीमआपा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्हीच लिहिलंत. स्पीकर आतल्या आवाजाचा होता, बाहेर ऐकू जात नव्हता.

सगळं वाचून मला जे करण्यासारखं वाटतं ते लिहितो. तालुक्यातल्या मशिदींनी मिळून एक फंड करावा, प्रत्येक जमातीने ऐपतीप्रमाणे भरावं आणि इमामाचा पगार त्यातून जावा, गावातल्या चार घरांकडून नाही. आपल्या भागातल्या मराठी शाळेतून आलेल्या पोरांना आलिम करताना बारावी-पदवी पण करवून घ्यावी. जुम्म्याचा अरबी खुतबा अरबीत राहू दे, त्याआधीचं बयान मराठीत किंवा दखनीत व्हावं. आणि गावोगाव एक शिकलेली आपा, तिलाही मानधन.

तासगावचा_समशेर

मराठीतल्या बयानाला माझा पाठिंबा. बाकी मी माझ्या मतावर आहे, पण मौलाना उसाच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा मागणार असतील तर मी त्यांच्या बाजूला उभा राहीन, दलवाईंच्या माणसाला त्यात अडचण नाही.

कमिटीतला_माणूस

फंडाची कल्पना चांगली आहे, आमच्या मीटिंगला मांडतो. पण परत सांगतो, पगार कुठूनही येवो, इमामाला ठेवायचा-काढायचा अधिकार गावाकडंच पाहिजे. लांबच्या ऑफिसात बसून कुणी आमच्या गावाचा इमाम ठरवणार असेल तर ते कुवेतवाल्यांनी लिहिलं तसं होईल.

सांगलीची_वकील

काका, अधिकार गावाकडं राहू द्या. फक्त नेमणूक लेखी करा, मुदत आणि पगार त्यात लिहा. काढायचं असेल तर कारण कागदावर लिहून इमामाला एक महिना आधी द्या, त्याचं उत्तर घ्या, आणि दोन्ही कागद पूर्ण जमातीसमोर वाचा, नुसत्या कमिटीसमोर नाही. तुमच्याकडं आले होते तसे फूट पाडणारे इमाम असतील तर ते कारण लिहायला काही अडचण येत नाही. बहिणीचा हिस्सा मागितला हे कारण कुणी लिहून दाखवावं. नमुना अर्ज मराठीत करून दोन दिवसांत इथंच टाकते, ज्यांना पाहिजे त्यांनी घ्या.

नसीम_इस्लामपूर

ताई, टाकाच. आणि जमातीसमोर वाचायचं म्हणता तेव्हा त्या दिवशी बायकांना बसायची जागा करायची हे पण त्या नमुन्यात लिहा, नाहीतर नंतर सांगतात जागा नव्हती म्हणून.